लाल तारा आणि लाल रेषा

ड्रॅगन हा प्राणी आपल्या ओळखीचा नव्हे. आपल्याकडे शेष आहे, वासुकी आहे, कालिया आहे. परंतु पंख असलेला, तोंडातून आग ओकणारा आणि शिवाय माणसाशी मनातल्या मनात गप्पा मारणारा अजस्र सरडा आपल्या पुराणांत मला तरी भेटलेला नाही. म्हणून उल्हासनगरच्या एका रद्दीच्या दुकानात मुखपृष्ठ फाटलेली ‘ड्रॅगनफ्लाइट’ ही इंग्रजी कादंबरी हाती आली, तेव्हा लहान मुलांचे पुस्तक असेल म्हणून मी ती परत ठेवणार होते. विठ्ठलवाडी ते बदलापूर या प्रवासात वाचायला काहीच नव्हते, एवढ्याच कारणाने वीस रुपये मोजले. बदलापूर आले तरी मी वाचतच होते, हे सांगितले म्हणजे पुढचे काही सांगायला नको. तरीही सांगणार आहे. कारण या ड्रॅगनांच्या गोष्टीने मला आमच्याच इमारतीच्या जिन्यातल्या एका भिंतीकडे नव्याने पाहायला लावले.

प्रथम लेखिकेविषयी. अ‍ॅन मॅकॅफ्री यांचा जन्म १९२६ सालचा, अमेरिकेतला. १९७० साली त्या आयर्लंडला राहायला गेल्या आणि २०११ साली तिथेच त्यांचे निधन झाले. ‘ड्रॅगनफ्लाइट’ १९६८ साली पुस्तकरूपाने आली. तत्पूर्वी तिचे भाग ‘अ‍ॅनालॉग’ या मासिकात प्रसिद्ध झाले होते. त्यांपैकी ‘वेअर सर्च’ या दीर्घकथेला ह्यूगो आणि ‘ड्रॅगनरायडर’ला नेब्युला असे विज्ञानकथेच्या क्षेत्रातील दोन मोठे पुरस्कार मिळाले. कथालेखनासाठी हे पुरस्कार मिळवणारी ही पहिली स्त्री. पुढे १९७८ सालची त्यांची ‘द व्हाइट ड्रॅगन’ ही कादंबरी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत गेली. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणले आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले, तेव्हापासून मराठी वाचक विज्ञानकथेला निदान ओळख देऊ लागला. पण ड्रॅगन आणि विज्ञान यांचा मेळ कसा बसावा, ही शंका राहतेच.

ती शंका लेखिका पहिल्या दोन पानांतच दूर करते. पृथ्वीवरची माणसे रुकबात नावाच्या ताऱ्याच्या तिसऱ्या ग्रहावर वसाहत करतात. ग्रहाचे नाव पर्न. जमीन सुपीक, हवा चांगली. मात्र त्या सूर्यमालेत एक भटका ग्रह बाहेरून येऊन अडकलेला आहे. लोक त्याला ‘लाल तारा’ म्हणतात. त्याची कक्षा विक्षिप्त आहे. सुमारे दोनशे वर्षांनी तो पर्नच्या जवळ आला की तिथले बीजाणू अवकाश ओलांडून रुपेरी तंतूंच्या रूपात आकाशातून पडू लागतात. ते जिथे पडतील तिथले झाड, जनावर, माणूस, मातीतले सगळे जिवंत खाऊन टाकतात. फक्त दगड, धातू आणि पाणी यांच्यापुढे त्यांचे चालत नाही. हा वर्षाव एक-दोन दिवसांचा नव्हे. पन्नासेक वर्षे तो अधूनमधून होत राहतो.

वसाहतीचा पृथ्वीशी संबंध तुटलेला, यंत्रे मोडत चाललेली. तेव्हा या लोकांनी तिथल्याच एका उडणाऱ्या छोट्या प्राण्यापासून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मोठे ड्रॅगन तयार केले. म्हणजे आपण रानटी गवतापासून गहू केला, तसेच. हे ड्रॅगन फॉस्फीन असलेला एक दगड चावून गिळतात. पोटात वायू तयार होतो आणि बाहेर पडताच पेटतो. तंतू जमिनीवर पोचण्यापूर्वी हवेतच जाळायचे, हे त्यांचे काम. (काडेपेटीच्या कडेला जो तांबडा पट्टा असतो तोही फॉस्फरसच. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना होता, त्या काळातली माणसे भेटली तर त्यांना हा ड्रॅगन मुळीच परका वाटणार नाही!) अंडे फुटून बाहेर येणारे पिल्लू एका माणसाची निवड करते आणि जन्मभराचा मनाचा धागा जुळतो. स्वार गेला तर ड्रॅगनही जगत नाही. शिवाय ड्रॅगनला एका जागेवरून नाहीसे होऊन क्षणात दुसऱ्या जागी प्रकट होता येते. ही शेवटची गोष्ट विज्ञानाच्या प्राध्यापकांना पटणार नाही, हे मला मान्य आहे. तंतू दोन ग्रहांमधले अंतर ज्या सहजतेने ओलांडतात तेही पटणार नाही. पण एकदा नियम ठरवल्यावर लेखिका ते मोडत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि प्रत्येक शक्तीला मर्यादा आहे. परीकथा आणि विज्ञानकथा यांच्यातील भेद बहुधा हाच असावा.

आता कथानक. कादंबरी सुरू होते तेव्हा तंतूंचा वर्षाव होऊन चारशे वर्षे लोटली आहेत. मधल्या एका फेरीत लाल तारा पुरेसा जवळ आलाच नाही, म्हणून शांततेचा काळ दुप्पट झाला. सामान्य लोक दगडी गढ्यांत राहतात आणि प्रत्येक गढीवर एक सरदार आहे. ड्रॅगन आणि त्यांचे स्वार डोंगरातल्या ‘वेअर’ नावाच्या विवरात राहतात. ते शेती करीत नाहीत. त्यांच्या पोटापाण्यासाठी गढ्यांनी धान्य आणि गुरे द्यायची, असा जुना रिवाज. पूर्वी सहा वेअर होती. त्यांपैकी पाच एके काळी अचानक ओस पडली, का ते कोणालाच माहीत नाही. उरले एकच, बेन्डेन. तिथेही राणी ड्रॅगनचे शेवटचे सोनेरी अंडे उरले आहे.

सरदार म्हणतात, चारशे वर्षे काही पडलेले नाही. मग या खाऊन-पिऊन सुस्त स्वारांना आम्ही कशासाठी पोसायचे? दुसराही एक जुना नियम आहे. गढीच्या आसपास हिरवे काही उगवू द्यायचे नाही, दगडांच्या फटीतले गवतसुद्धा उपटून टाकायचे. कारण उघड आहे, तंतूंना खायला मिळाले की ते पसरतात. पण कारण विसरले गेले आणि उरला तो नुसता हुकूम. साहजिकच लोकांनी तो पाळणे सोडले. गढ्यांभोवती झाडी माजली.

अशा काळात लेसा नावाची एकवीस वर्षांची मुलगी आपल्याला भेटते. तिच्या घराण्याची कत्तल करून फॅक्स नावाच्या सरदाराने रुआथाची गढी बळकावली आहे, आणि ती दहा वर्षे त्याच गढीत मोलकरणीच्या वेषात, अंगाला राख फासून, सूडाची वाट पाहत राहिली आहे. फ्लार हा स्वार नव्या राणीसाठी योग्य मुलगी शोधत तिथे येतो. फॅक्स द्वंद्वात मरतो, लेसा बेन्डेनला जाते आणि अंड्यातून निघालेली राणी रामोथ तिची निवड करते. इथपर्यंत ही सिंड्रेलाची गोष्ट वाटेल. खरी कादंबरी इथून पुढे आहे.

धोका परत येतो आहे हे फ्लार कसे ओळखतो? त्याच्याजवळ दुर्बीण नाही, गणित जवळपास विसरले गेले आहे. त्याच्याजवळ आहेत त्या तीन गोष्टी: मुलांकडून घोकून घेतली जाणारी जुनी शिकवणीची गाणी, कातड्यांवरच्या पुसट झालेल्या नोंदी आणि वेअरच्या कड्यावर पूर्वजांनी मुद्दाम उभे केलेले दगड. थंडीतल्या सर्वांत लहान दिवशी, पहाटे, त्या दगडाच्या भोकातून लाल तारा नेमका दिसला की समजावे, वेळ आली. दगड खोटे बोलत नाही. पूर्वजांना माणसाच्या स्मरणशक्तीचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांनी आठवण गाण्यात ठेवली, कातड्यावर ठेवली आणि शेवटी दगडातही ठेवली.

यातला एक तपशील मला विलक्षण वाटला. वर्षाव ‘सुरू’ होण्यापूर्वीच तंतू पडू लागलेले असतात. पण त्या वर्षी थंडी कडक असल्याने ते हवेतच गोठून काळ्या धुळीच्या रूपाने खाली येतात. लोक ती धूळ झटकतात आणि कामाला लागतात. संकट दारात येऊन गेले तरी ओळखले गेले नाही!

पुढे ड्रॅगन कमी पडतात. तेव्हा लेसाला शोध लागतो की ड्रॅगनला स्थळच नव्हे, काळही ओलांडता येतो. एका जुन्या गाण्यातील कोडे आणि रुआथाच्या एका जुन्या पडद्यावरचे चित्र यांच्या आधाराने ती चारशे वर्षे मागे जाते आणि त्या काळच्या पाच वेअरमधल्या स्वारांना घेऊन वर्तमानात येते. ती पाच वेअर ओस का पडली, याचे उत्तर हे असे मिळते. ते सगळे नाहीसे झाले नव्हते, मदतीला पुढच्या काळात आले होते. आता गाणे वाचून ती गेली की ती गेली म्हणून गाणे रचले गेले, हे वर्तुळ कुठून सुरू होते ते सांगता येत नाही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते सोडवायला मी खुशाल देऊन टाकते.

कादंबरीत दोष आहेत. फ्लार लेसाचे खांदे धरून तिला गदगदा हलवतो आणि लेखिकेला त्यात फारसे वावगे वाटत नाही. आज वाचताना ते खटकते. गढीतल्या राबणाऱ्या माणसांना नावेही नाहीत. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. सरदारांना लेखिकेने सरसकट मूर्ख ठरवले आहे, ते मला न्याय्य वाटत नाही. चारशे वर्षे, म्हणजे सोळा-सतरा पिढ्या! न दिसणाऱ्या धोक्यासाठी इतका काळ आपल्या खळ्यातले धान्य कोण देत राहील? उलट दोष रखवालदारांचाही आहे. फ्लारच्या आधीचा वेअरप्रमुख रगुल जुन्या नोंदी पाठ करून घेतो, पण त्यांचा अर्थ विचारला की चिडतो. ज्यांना नियम ठाऊक आहे त्यांनी कारण सांगितले नाही. मग ज्यांना तो पाळायचा होता त्यांनी तो जाच समजून टाकून दिला. या कादंबरीतली खरी लढाई ड्रॅगन आणि तंतू यांच्यात नाही. ती आठवण आणि दीर्घ शांतता यांच्यात आहे, असे माझे मत झाले.

आता आमच्या जिन्याच्या भिंतीकडे वळते. आपला हा परिसरही एका अर्थाने वसाहतच आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते ‘उल्हासनगर’ची पायाभरणी झाली. छावणी उठली तरी आपण अजून रिक्षावाल्याला ‘कॅम्प नंबर चार’ असेच सांगतो. शब्द उरतो आणि कारण विसरले जाते, ते असे. गावाला नाव मिळाले ते नदीचे. हीच उल्हास घाटातून उतरून कर्जतवरून आमच्या बदलापूरला येते आणि पुढे कल्याणकडे जाते. या नदीचे नाव रोज घेतले जाते. तिचे पाणी कुठपर्यंत चढते, हे मात्र रोज आठवत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच दिवशी उल्हासही पात्राबाहेर आली आणि बदलापूर पश्चिमेचा नदीकडचा भाग पाण्याखाली गेला. आम्ही तेव्हा तिथे नव्हतो. बाबांनी २००८ साली तळमजल्यावरचे घर घेतले, तेव्हा जिन्याच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ होती आणि खाली ‘२६-७-०५’ असे लिहिलेले होते. मला ती रेघ म्हणजे उंची मोजायची खूण वाटे. दर वाढदिवसाला मी तिच्याखाली उभी राहायची. २०१६ साली इमारतीला रंग दिला. एका कुटुंबाला घर विकायचे होते. गिऱ्हाईक यायचे, रेघ पाहायचे आणि निघून जायचे. सर्वांच्या संमतीने रेघेवर पिवळा रंग मारला गेला. त्या सर्वांत माझे बाबाही होते.

२०१९ साली मी नववीत होते. २६ जुलैच्या रात्री पाऊस थांबेना. मध्यरात्रीनंतर मोरीच्या जाळीतून पाणी वर येऊ लागले, तेव्हा आईने पाट आणि बादल्या वर ठेवायला सुरुवात केली. किती वर ठेवायचे, हे कोणालाच माहीत नव्हते. कमरेपर्यंत येईल? डोक्यापर्यंत? बाबा बॅटरी घेऊन जिन्यात गेले आणि पिवळ्या भिंतीवर प्रकाश टाकून नुसते पाहत राहिले. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला वर बोलावले. माळ्यावर चढवायला हवी होती ती आजोबांची कागदपत्रांची ट्रंक पलंगावर ठेवली गेली आणि भिजून गेली. आजोबांच्या हातची एकही ओळ आता आमच्याजवळ नाही. त्याच रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पाण्यात अडकली होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि इतरांनी मिळून सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले. ते ड्रॅगनस्वार आम्ही टीव्हीवर पाहिले, पण नंतर. त्या दिवशी वीज नव्हती.

चौदा वर्षांनी, तारीखही तीच! कोणी म्हणेल, हा आमचा लाल ताराच. इथे मात्र सावध राहिले पाहिजे. तारीख जुळली तो योगायोग. लाल तारा कक्षेच्या गणिताने येतो. नदी तशी येत नाही. शासनाचा जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध, असा साधारण नियम. पण ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा नव्हे. त्याचा अर्थ, दर वर्षी शंभरात चार अशी शक्यता. फासा दर पावसाळ्यात नव्याने पडतो. घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढले, तर ते फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात छप्पन्न होते. शंभर वर्षांच्या पुराचीदेखील शंभरात अठरा. हे गणित माझे नव्हे. अर्थशास्त्राच्या वर्गातल्या मैत्रिणीने वहीच्या मागच्या पानावर करून दाखवले आणि मी ते बाबांना दाखवले.

पाणी उतरल्यावर बाबांनी स्वतः कुंचला आणून नवी रेघ मारली. जुनी रेघ हिच्या वर होती की खाली, यावर इमारतीत आजही एकमत नाही. जिच्यावरून ते कळले असते ती खूण आम्हीच पुसली होती. बाबा एकदाच म्हणाले, “रंगवा म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

यंदा पुन्हा रंगकाम निघाले आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकांना मुलीच्या लग्नासाठी घर विकायचे आहे आणि रेघ झाकावी असे त्यांचे म्हणणे आहे. ते वाईट गृहस्थ नव्हेत. त्या रात्री आमचा गॅसचा सिलिंडर त्यांनीच खांद्यावरून वर नेला होता. त्यांना मी मूर्ख सरदार कसे म्हणू? बैठकीत काय ठरेल ते सांगता येत नाही. मी मात्र चिटणीसांना एक अर्ज लिहून दिला आहे. रेघ ठेवावीच, पण नुसती रेघ नको. तिच्याशेजारी पाणी किती वाजता आत आले, किती वेळात इतके चढले आणि काय आधी वर न्यावे, हेही चार ओळींत लिहावे. म्हणजे उद्या नवे बिऱ्हाड आले तर त्यांना ती रेघ अपशकुन वाटणार नाही, उपयोगाची माहिती वाटेल. हा विचार मला ड्रॅगनांच्या पुस्तकातून सुचला असे मी अर्जात लिहिले नाही, कारण मग तो कोणी गंभीरपणे घेतला नसता!

असो. विज्ञानकथा म्हणजे वास्तवापासून पळ काढणे, असे आपल्या वर्गातही ऐकू येते. मला तरी ती पर्नवरून थेट घराच्या जिन्यात घेऊन आली. ‘ड्रॅगनफ्लाइट’ची ती फाटकी प्रत माझ्याजवळ आहे. ज्याला हवी त्याने खुशाल मागावी. मात्र वाचून परत करावी आणि घरी ठेवताना तळमजल्यावर असाल तर वरच्या फळीवर ठेवावी.